ज्युनियर आइस हॉकीत खेळाडू हेरायचा असेल तर नजर पकवरून काढा

सतरा वर्षांच्या एका विंगरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डच्या, नावापुढे सामन्याच्या तक्त्यात एक गोल आणि दोन असिस्ट (गोलाआधीच्या पासचं श्रेय) लागले आहेत, असं समजा. एका रात्रीत तीन पॉइंट्स. आता ते एकेक करून तपासा. गोल शेवटच्या मिनिटातला आहे. समोरच्या संघाने गोलकीपर बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला होता आणि याने रिकाम्या जाळ्यात पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सरकवला. एक असिस्ट पॉवर प्लेवरचा, म्हणजे समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतानाचा: याने ब्लू लाइनवरच्या (झोनच्या सीमारेषेवरच्या) बचावपटूकडे साधा पास दिला, बचावपटूने तो पुढे दिला आणि तिसऱ्याच खेळाडूने गोल मारला. दुसरा असिस्ट आपल्याच झोनमधून बोर्डवरून, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्यावरून, पक बाहेर काढल्याचा. त्यानंतर सेंटरने (मधल्या फॉरवर्डने) एकट्याने दोघांना चुकवून गोल केला.

त्याच सामन्यात दुसऱ्या एका मुलाच्या नावापुढे शून्य आहे. त्याने चार वेळा पक ताब्यात ठेवून ब्लू लाइन ओलांडली, एकदा समोरच्याला पेनल्टी घ्यायला भाग पाडलं आणि दोघे जण चालून येत असताना मधला पास स्टिकने तोडला. तक्ता यातलं काहीच सांगत नाही.

पॉइंट्स निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. कुणाकडे बघायचं हे पॉइंट्स सांगतात, पण काय बघायचं ते सांगत नाहीत. ज्युनियर हॉकीत खेळाडू हेरताना प्रत्येक कृतीला मी एकच प्रश्न लावतो: समोर पंचविशीतला, नव्वद किलोचा, पूर्ण वेळ हॉकी खेळणारा माणूस असेल आणि विचार करायला आजच्यापेक्षा अर्धा सेकंद कमी मिळेल, तेव्हाही हे जमेल का? जमणार असेल तर नोंद करायची. नाहीतर गोल कितीही देखणा असो, त्याला फार वजन द्यायचं नाही.

आधी जन्मतारीख बघा

सामन्याला जाण्यापूर्वी रोस्टरवरचा, म्हणजे संघाच्या यादीतला, पहिला रकाना वाचायचा तो जन्मतारखेचा. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यासाठी, खेळाडू त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 वर्षांचा झालेला असावा लागतो. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. 16 सप्टेंबरला जन्मलेला मुलगा त्या गटात सगळ्यांत मोठा, तर पुढच्या वर्षीच्या 15 सप्टेंबरला जन्मलेला सगळ्यांत लहान. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांनी त्याचा 2015 चा ड्राफ्ट हुकला. मधलं वर्ष तो झुरिकमध्ये प्रौढांच्या लीगमध्ये खेळला आणि 2016 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खूप असतं. तेवढ्या काळात मुलाची उंची वाढते, मांड्या भरतात, पहिल्या तीन पावलांचा जोर बदलतो. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला ड्राफ्टच्या वर्षी ज्युनियरचा एक जादा मोसम मिळालेला असतो, म्हणून त्याचे 70 पॉइंट्स आणि ऑगस्टमध्ये जन्मलेल्याचे 60 पॉइंट्स यांत दुसरे मला जास्त बोलके वाटतात. लहान वयोगटांची विभागणी 1 जानेवारीपासून होते, हीदेखील एक अडचण आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं अंगाने मोठी दिसतात, चांगल्या संघांत निवडली जातात, त्यांना बर्फावर जास्त वेळ मिळतो आणि हा फायदा वर्षानुवर्षं साठत जातो. वर्षाच्या शेवटी जन्मलेला आणि तरीही वरच्या संघात टिकलेला मुलगा दिसला की त्याच्यासाठी एक जादा सामना जरूर राखून ठेवावा.

समोर कोण खेळतंय, हेही वयातच येतं. कॅनडातल्या ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तिन्ही लीग मिळून सीएचएल होते आणि तिथे साधारण 16 ते 20 वर्षांचे खेळाडू एकत्र खेळतात. वीस वर्षांचे खेळाडू प्रत्येक संघाला तीनच ठेवता येतात, पण एकोणीस वर्षांचे बरेच असतात. एकोणीस वर्षांच्या सेंटरच्या शेजारी खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या विंगरचे पॉइंट्स आणि आपली लाइन (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) स्वतः चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या सेंटरचे पॉइंट्स एकाच तागडीत टाकू नयेत.

कॉनर बेडार्डसारखा खेळाडू हेरायला कुणाची गरज लागत नाही. 2022-23 मध्ये डब्ल्यूएचएलमधल्या रेजायना पॅट्सकडून त्याने 57 सामन्यांत 143 पॉइंट्स केले. असा मुलगा कुणालाही दिसतो. हेरणाऱ्याचा कस खालच्या फेऱ्यांमध्ये लागतो. 32 संघ आणि सात फेऱ्या म्हणजे एकूण 224 निवडी. पुढे एनएचएल गाजवणाऱ्यांपैकी पावेल दात्स्युक 1998 मध्ये 171 वा निवडला गेला, मार्क स्टोन 2010 मध्ये 178 वा, ब्रेडन पॉइंट 2014 मध्ये 79 वा, किरिल काप्रिझोव्ह 2015 मध्ये 135 वा. यांच्यातलं काहीतरी सामन्यात दिसत होतंच, पण बहुतेकांची नजर दुसरीकडे होती.

सामन्याची तयारी

एका सामन्यात जास्तीत जास्त चार खेळाडू ठरवा, दोन्ही संघ मिळून. पाचवा घेतलात की नजर आपोआप पकवर जाते आणि तुम्ही प्रेक्षक होता. चौघांचे जर्सी क्रमांक, जन्मतारीख, उंची-वजन, स्टिक डावी की उजवी, आणि गेल्या काही सामन्यांत ते कोणत्या लाइनवर होते, हे आधीच लिहून ठेवा. डावखुरा बचावपटू उजव्या बाजूला खेळत असेल तर त्याची तशी नोंद हवीच, कारण त्याला बोर्डवरचा पक बॅकहँडने, म्हणजे स्टिकच्या उलट्या बाजूने, उचलावा लागतो आणि त्याच्या पहिल्या पासमधल्या निम्म्या चुकांचं कारण तेवढंच असू शकतं.

वेळापत्रकही बघा. ज्युनियर संघ कधीकधी शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने खेळतात, मधे लांबचा बसप्रवास असतो. तिसऱ्या दिवशी पाय जड दिसले म्हणून "स्केटिंग कमी पडतं" असा शेरा मारणं अन्याय आहे. पण त्याच दिवशी डोकं किती शाबूत आहे, हे मात्र चांगलं कळतं. थकल्यावर जो मुलगा शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) लांबवत नाही, वेळेवर बेंचवर येतो आणि पक सोप्या जागी देतो, त्याची समज पक्की आहे.

वॉर्मअपला हजर राहा. दडपण नसताना स्केटिंगची ढब, पास घेताना स्टिक किती मऊ आहे, बॅकहँडवर पक कसा घेतला जातो, हे तिथे निवांत बघता येतं. गोलकीपर बघायचा असेल तर वॉर्मअप चुकवूच नका.

बसायला जागा वरची घ्या. गोलच्या मागे, कोपऱ्याच्या दिशेने, उंचावर बसलात की खेळाडूला कोणती वाट मोकळी दिसत होती ते तुम्हालाही दिसतं. काचेजवळून वेग आणि धडक चांगली कळते, पण खेळाची रचना कळत नाही. एक पिरियड, म्हणजे सामन्याचा एक तृतीयांश भाग, बेंच समोर दिसेल असा बसून बघावा, असं मी आवर्जून सांगेन. गोल खाल्ल्यावर मुलगा सहकाऱ्याकडे कसा बघतो, कोच काही सांगताना त्याची मान वर असते की खाली, हे तिथूनच दिसतं.

एक शिफ्ट, एक खेळाडू

पहिल्या लाइनचा ज्युनियर फॉरवर्ड सामन्यात 20-22 शिफ्ट खेळतो, प्रत्येक शिफ्ट 40 ते 50 सेकंदांची. त्यात पक त्याच्या स्टिकवर असतो तो सगळा मिळून एखाद-दुसरा मिनिट. बाकी सगळा वेळ तो पकशिवाय खेळत असतो आणि हेरणाऱ्याला हवी असलेली बहुतेक माहिती त्याच वेळात मिळते. म्हणून एकदा खेळाडू ठरला की तो बेंचवरून उतरल्यापासून परत बसेपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवायची. गोल दुसरीकडे झाला तरी चालेल. तो नंतर चित्रफितीत बघता येतो.

कागदावर चार रकाने पुरतात: घड्याळातली वेळ आणि गुणफलक, कोणता झोन, काय केलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. "चांगला पास" ही नोंद कुचकामी आहे. "दुसरा पिरियड, 8:40, बरोबरी, मधल्या झोनमध्ये दडपणाखाली बॅकहँडने सेंटरकडे पास, ताब्यात ठेवून प्रवेश" ही नोंद सहा महिन्यांनीही उपयोगी पडते. गुणफलक लिहायचा कारण 6-1 ने पुढे असताना केलेली करामत आणि 2-2 असताना शेवटच्या पाच मिनिटांत केलेली करामत यांची किंमत वेगळी आहे.

बचावपटूचे तीन सेकंद

बचावपटू ओळखण्याची सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे कोपऱ्यात आलेला पक उचलणं. समोरच्या संघाने पक आत ढकलला आहे, बचावपटू मागे वळून कोपऱ्याकडे निघाला आहे, आणि फोरचेकर, म्हणजे पक हिसकावायला धावून येणारा समोरचा फॉरवर्ड, त्याच्या पाठीमागे दोन स्टिकच्या अंतरावर आहे. पकपर्यंत पोहोचायला तीनेक सेकंद आहेत. त्यात काय घडतं ते बघा.

चांगला बचावपटू पकपर्यंत पोहोचण्याआधी खांद्यावरून मागे दोनदा बघतो. पहिल्या नजरेत किती जण येताहेत आणि कोणत्या बाजूने ते कळतं. दुसरी नजर पकजवळ आल्यावर, फोरचेकरचा कोन पक्का करायला. मग तो एका खांद्याने खोटा इशारा देतो, फोरचेकर तिकडे झुकला की स्केटच्या आतल्या कडेवर वळून उलट दिशेने निघतो. पक घेताना पाठ फोरचेकरकडे असते, म्हणजे पक आणि तो यांच्यामध्ये स्वतःचं अंग येतं. पास कुठे द्यायचा हे त्याने आधीच ठरवलेलं असतं: जाळ्यामागून जोडीदाराकडे, मधल्या पट्ट्यातून खाली आलेल्या सेंटरकडे, किंवा आला त्याच बाजूला उलटा. त्याचे पाय थांबत नाहीत.

कच्चा बचावपटू एकदाही मागे बघत नाही. पकपाशी जाऊन थांबतो, मग मान वर करतो आणि तोवर अंगावर धडक येते. घाईत तो पक बोर्डवरून जोरात फिरवतो, समोरचा बचावपटू ब्लू लाइनवर पुढे येऊन तो अडवतो आणि आक्रमण परत सुरू होतं. तक्त्यात याची कुठेच नोंद होत नाही. एका सामन्यात असे आठ-दहा प्रसंग येतात. किती वेळा पक ताब्यात ठेवून बाहेर काढला आणि किती वेळा नुसता फेकून दिला, हे मोजलंत तर तीन सामन्यांत त्या मुलाबद्दल पॉइंट्सपेक्षा जास्त कळेल.

याच्या जोडीला गॅप बघा, म्हणजे पक घेऊन येणारा फॉरवर्ड आणि मागे स्केटिंग करणारा बचावपटू यांच्यातलं अंतर. आपल्या ब्लू लाइनवर ते साधारण एक ते दीड स्टिकचं असावं. जास्त असेल तर फॉरवर्ड निवांत आत येतो. कमी असेल आणि बचावपटूचं वळणं संथ असेल तर तो बाजूने निघून जातो. ज्यांना आपल्या वळण्यावर विश्वास नसतो ते बचावपटू लवकर मागे हटतात. त्यांचा गॅप मधल्या झोनमध्येच वाढायला लागतो. म्हणजे दोष दिसतो ब्लू लाइनवर, पण असतो नितंबांच्या आणि घोट्यांच्या हालचालीत. अहवालात दोन्ही गोष्टी लिहा.

फॉरवर्ड: गोल कुठून आणि कुणाविरुद्ध

ज्युनियरमध्ये सगळ्यांत जास्त फसवणूक करतो तो बाहेरून मारलेला शॉट. फेसऑफच्या वर्तुळाच्या वरून, समोर कुणी आडवं नसताना मनगटाच्या झटक्याने मारलेला रिस्ट शॉट ज्युनियर गोलकीपरला चुकवतो. वरच्या पातळीवरचा गोलकीपर तोच शॉट अंगावर घेऊन शांतपणे धरतो. म्हणून गोलांची यादी हातात आली की प्रत्येक गोल कुठून झाला ते आइसच्या आराखड्यावर टिंबाने दाखवा. टिंबं जाळ्यासमोरच्या पट्ट्यात, म्हणजे स्लॉटमध्ये जमत असतील तर तो मुलगा अवघड जागी जातोय. सगळी टिंबं काठाला असतील तर पुढच्या पातळीवर गोल आटण्याची भीती आहे.

एकास एक परिस्थितीत बचावपटूला चुकवलं, तर कुणाला चुकवलं ते तपासा. पाय थांबवून स्टिक लांब करणारा सोळा वर्षांचा तिसऱ्या जोडीतला बचावपटू टो-ड्रॅगला (स्टिकच्या टोकाने पक आत ओढून घेण्याला) हमखास फसतो. प्रौढांच्या हॉकीतला बचावपटू स्टिककडे बघतच नाही, छातीकडे बघून अंग आडवं घालतो. तिथे नुसते चपळ हात पुरत नाहीत. गती बदलता यायला हवी: ब्लू लाइन ओलांडल्यावर क्षणभर मंदावणं, बचावपटूला मागे जाऊ देणं आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागून येणाऱ्या सहकाऱ्याला पास देणं. जो मुलगा सगळं काही एकाच वेगात करतो, त्याचा वेग कितीही असो, वर गेल्यावर बचावपटूंना तो लवकर पाठ होतो.

पक मिळण्याआधी तो किती वेळा मान फिरवतो, हे मोजण्याची सवय लावून घ्या. पक येण्याआधी ज्याने आजूबाजूला पाहिलेलं असतं त्याचा पहिला स्पर्शच पुढच्या चालीचा भाग असतो. ज्याने पाहिलेलं नसतं तो आधी पक थांबवतो, मग बघतो, मग ठरवतो. ज्युनियरमध्ये या तिन्ही गोष्टींना वेळ मिळतो, म्हणून हा दोष झाकला जातो.

बोर्डवरचं काम कंटाळवाणं दिसतं, पण कोचचा विश्वास तिथेच कमावला जातो. आपल्या झोनमध्ये विंगर बोर्डपाशी उभा आहे, पक कठड्याच्या कडेने फिरत त्याच्याकडे येतो आहे, आणि समोरचा बचावपटू त्याच्यावर चालून येतो आहे. त्याने आधी आत बघितलं का? पाठ बोर्डला लावून स्केटने पक थांबवता येतो का? धडक सोसून पक ब्लू लाइनच्या बाहेर निघतो का? जो इथे धडकेला घाबरून पक सोडून देतो त्याला पुढे व्यावसायिक संघात महत्त्वाच्या मिनिटांना बेंचवरच बसावं लागतं. मग त्याचे गोल करणारे हात कुणाला दिसणार?

पक गमावल्यानंतरची पहिली तीन पावलं तर प्रत्येक वेळी नोंदवावीत. काही मुलं मोठा गोल वळसा घालून परत फिरतात. वेग दिसतो, घामही दिसतो, पण वळशात दीड सेकंद जातो. काही जण जागीच करकचून थांबतात आणि उलट दिशेने निघतात. मेहनत दोघेही करतात, उपयोग दुसऱ्याचा होतो. मार्क स्टोनच्या स्केटिंगबद्दल सुरुवातीपासून शंका घेतल्या गेल्या. तरीही तो पुढे एनएचएलमधल्या व्हेगास संघाचा कर्णधार झाला, 2023 मध्ये संघाने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि शेवटच्या सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. त्याची ओळख म्हणजे समोरच्याच्या स्टिकवरून पक हिसकावून घेणं, आणि ते पायांच्या वेगापेक्षा खेळ आधी वाचण्यावर चालतं.

स्केटिंग: काय सुधारतं, काय नाही

"स्केटिंग कमी" असा मोघम शेरा टाळा. गुडघे पुरेसे वाकत नाहीत? पाऊल मागे ढकलल्यावर परत शरीराखाली येत नाही? टाच उगाच वर उडते? पाठ फार सरळ राहते? पहिल्या तीन पावलांना जोर नाही, पण एकदा वेग आला की टिकतो? यातल्या बऱ्याच गोष्टी ताकद वाढल्यावर आणि चांगल्या स्केटिंग कोचबरोबर दोन उन्हाळे काढल्यावर सुधारतात. ब्रेडन पॉइंट तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला तो उंची आणि स्केटिंग यांमुळे. पुढे बार्ब अंडरहिल या स्केटिंग प्रशिक्षकाबरोबर त्याने पायांवर काम केलं आणि तो लीगमधल्या वेगवान सेंटरपैकी एक झाला. त्याचं खेळ वाचणं मात्र ज्युनियरमध्येच तयार होतं.

यातूनच हेरण्यातला एक कळीचा फरक लक्षात येतो. मुलगा पकपाशी उशिरा पोहोचला, तर पाय संथ म्हणून की निघालाच उशिरा म्हणून? सलग दहा प्रसंगांत तो निघतो केव्हा ते बघा. वेळेवर निघून उशिरा पोहोचणाऱ्याला मदत करता येते. उशिरा निघणाऱ्याला वेगवान पाय आज वाचवतात, उद्या वाचवणार नाहीत, कारण वर सगळ्यांचेच पाय वेगवान असतात.

युरोपातले सामने

एनएचएलचं मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, म्हणजे सुमारे 26 मीटर रुंद. युरोपात परंपरेने 60 बाय 30 मीटरची मैदानं वापरली गेली. रुंदीतल्या त्या चार मीटरमुळे काठाने खेळायला वेळ मिळतो, गॅप सैल दिसतो आणि बाहेरून फिरणारा विंगर असतो त्यापेक्षा मोठा वाटतो. मोठ्या मैदानावरही जो आत घुसतो त्याची काळजी नको.

अठरा वर्षांचा स्वीडिश किंवा फिनिश मुलगा प्रौढांच्या लीगमध्ये चौथ्या लाइनवर सात-आठ मिनिटं खेळत असेल, तर त्याचे पॉइंट्स नगण्यच असणार. तिथे फक्त बघायचं: कोच त्याला रोज उतरवतो का, चुकीनंतर पुढची शिफ्ट देतो का, मोठ्या माणसांच्या धडकेत तो उभा राहतो का. मग तोच मुलगा आपल्या वयोगटात, वीस वर्षांखालील संघात खेळताना बघा, म्हणजे सूत्रं हातात आल्यावर काय करतो ते कळेल. दोन्ही बघितल्याशिवाय मत देऊ नये.

गोलकीपर

इथे सगळ्यांत जास्त संयम लागतो. पुढे एनएचएलमधला नामांकित गोलकीपर ठरलेला हेन्रिक लुंडक्विस्ट 2000 मध्ये 205 वा निवडला गेला, यावरूनच हे काम किती कठीण आहे ते कळावं. सेव्हची टक्केवारी संघाच्या बचावावर फार अवलंबून असते, म्हणून ती बाजूला ठेवा आणि पाय बघा. शॉट सुटण्याआधी तो स्थिर झालेला आहे का, की सरकत असतानाच शॉट घेतोय? रिबाउंड कोपऱ्यात जातात की पुन्हा स्लॉटमध्ये? समोर गर्दी असताना तो पक शोधायला मान हलवतो की नुसता खाली बसतो? पक गोललाइनच्या जवळ असताना खांब धरून गुडघ्यावर लवकर बसणारे गोलकीपर जवळच्या वरच्या कोपऱ्यात गोल खातात, आणि ही सवय ज्युनियरमध्ये सर्रास दिसते. सोपा गोल खाल्ल्यानंतरचे पुढचे पाच शॉट नीट बघा. ज्या सामन्यात त्याच्यावर 18 शॉट आले त्यावरून काहीही ठरवू नका. तिशीच्या पुढे शॉट येतील असा सामना निवडा.

आकडे कसे वापरायचे

पाच विरुद्ध पाच खेळातले गोल आणि पहिले असिस्ट, म्हणजे थेट गोल मारणाऱ्याला दिलेल्या पासचे, वेगळे काढा. दुसरा असिस्ट (त्याच्याही आधीच्या पासचा), पॉवर प्ले आणि रिकामं जाळं बाजूला ठेवल्यावर काही नावं झपाट्याने खाली येतात, काही वर जातात. शॉट्सपैकी 20 टक्क्यांहून जास्त गोल होत असतील तर पुढच्या मोसमात ते प्रमाण बहुधा घसरणार, म्हणून गोलांबरोबर शॉट्सची संख्याही बघा. एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंचे पॉइंट्स सरासरी किती उरतात, यावरून लीगची तुलना करणारे गुणक मिळतात. वेगवेगळ्या लीगमधली मुलं एका यादीत आणायला ते उपयोगी आहेत, पण ती सरासरी आहे. एखाद्या मुलाचं भाकीत त्यावर करू नये.

जागतिक ज्युनियर स्पर्धेच्या आकड्यांबद्दल तर हात आखडताच घ्यावा. एका संघाला जेमतेम सात सामने मिळतात, त्यातले एक-दोन कमकुवत संघांविरुद्ध एकतर्फी होतात. वर सगळ्यांच्या नजरा तिथेच असल्यामुळे त्या दहा दिवसांचं वजन आपल्या डोक्यात वाढतं. पाच महिन्यांच्या नोंदी आणि दहा दिवसांची स्पर्धा परस्परविरोधी सांगत असतील तर मी पाच महिन्यांच्या नोंदींच्या बाजूने उभा राहतो.

किती वेळा बघायचं, कसं लिहायचं

किमान चार वेळा. एकदा मोसमाच्या सुरुवातीला, एकदा शेवटी. एकदा घरच्या मैदानावर, एकदा बाहेर. बाहेरच्या सामन्यात खेळ थांबल्यावर खेळाडू बदलण्याची शेवटची संधी घरच्या संघाच्या कोचच्या हातात असते, त्यामुळे तुमच्या खेळाडूसमोर त्यांची सर्वोत्तम बचावजोडी उभी राहते. खरी परीक्षा तीच. थेट बघणं शक्य नसेल तेव्हा चित्रफीत चालते, पण प्रक्षेपणाचा कॅमेरा पकमागे फिरतो आणि पकशिवायचा खेळ चौकटीबाहेर जातो. वरून पूर्ण मैदान दिसणारी फीत मिळाली तर ती आधी बघा. निवडक गोलांच्या फितींवरून तर मत बनवूच नये. त्यात चुका कुणी घालत नाही.

अहवालात आधी वस्तुस्थिती, मग मत, आणि दोन्हींमध्ये गल्लत नको. "जिद्दी, गुणी, नेतृत्वगुण असलेला" हे कुणाबद्दलही लिहिता येतं. "चार सामन्यांत 31 वेळा पक आत नेण्याचा प्रयत्न, 19 वेळा ताबा टिकवून, डाव्या बाजूने हमखास, उजव्या बाजूने बॅकहँडवर पक निसटतो" हे एकाच मुलाबद्दल लिहिता येतं, आणि वाचणाऱ्याला पुढच्या सामन्यात ते तपासताही येतं. त्याखाली दोन ओळी: सगळं जमून आलं तर हा काय होईल, आणि फारसं काही सुधारलं नाही तर काय राहील. एनएचएलचं सेंट्रल स्काउटिंग मोसमाच्या सुरुवातीच्या यादीत ए म्हणजे पहिल्या फेरीचा, बी म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा आणि सी म्हणजे चौथ्या-पाचव्या फेरीचा उमेदवार अशा खुणा वापरतं. सुरुवात करणाऱ्याने अशाच ढोबळ गटांपासून सुरुवात करावी. 41 वा आणि 44 वा यांतला फरक चार सामन्यांत कुणालाच कळत नाही.

शेवटच्या ओळीत पुढच्या वेळी काय तपासायचं ते प्रश्न म्हणून लिहा: "उजव्या बोर्डवर दडपण आलं की आधी आत बघतो का?" पुढचा सामना बघायला बसताना मागचं मत वाचू नका, फक्त तो प्रश्न वाचा. मत आधी वाचलं की डोळे त्याचेच पुरावे शोधत बसतात. जुना अहवाल सामना संपल्यावर, नव्या नोंदी पूर्ण झाल्यावरच उघडा आणि जिथे फरक पडला असेल तिथे तारीख घालून नवी ओळ लिहा. जुनी ओळ खोडू नका.